मुंग्यांचा रकाना

मंगळवारी सकाळी सव्वाआठला गणिताच्या बाईंची शीर मला सापडली नाही. शीर कुठं गेलेली नव्हती. अकरा वर्षं जिथं होती तिथंच होती, उजव्या कोपराच्या खळगीत, जराशी आतल्या अंगाला, खोल. बाई शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. हृदयातली झडप बदललेली, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागलेली, आणि ती गोळी जास्त होतेय की कमी ते बघायला रक्त द्यावं लागतं म्हणून आमच्या लॅबमध्ये येतात. पूर्वी महिन्याला यायच्या, हल्ली आकडा खाली-वर होतो म्हणून दर मंगळवारी. खुर्चीत बसल्या की पर्स मांडीवर, बाही वर, हात पुढे आणि तोंड खिडकीकडे. माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. मी पट्टा बांधला, मूठ वळायला सांगितली आणि डाव्या हाताचं पहिलं बोट खळगीवर ठेवलं. बोटाखाली काही नव्हतं. शीर बघायची नसते, चाचपायची असते, हे मी एकतीस वर्षं नव्या लोकांना सांगत आलोय. दिसणारी शीर लबाड असते, टोचायला गेलं की सरकते. दाबली की दबते आणि सोडली की हळूच वर येते ती खरी. मी दाबत होतो. बोट दबलेलं डोळ्यांना दिसत होतं, पण बोटाला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. मधे कुणीतरी जाडसर कापड घातल्यासारखं वाटत होतं. हातमोजा होता, पण हातमोज्यातून मी उभा जन्म शिरा शोधल्यात. एकदा टोचलं, रक्त नाही. सुई काढून जरा वर टोचलं, तरी नाही. बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आज माझी शीर गैरहजर आहे वाटतं."

दोनदा चुकलं की सुई खाली ठेवायची आणि तिसऱ्यांदा दुसऱ्यानं टोचायचं, हा आमच्या लॅबचा नियम. भिंतीवर लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात, कारण तो मीच घातला. तिसऱ्यांदा टोचणारा शीर शोधत नसतो, स्वतःची अब्रू शोधत असतो, असं मी म्हणायचो आणि वर शहाण्यासारखा हसायचोही. काउंटरवाली पलीकडे पावत्या फाडत होती. नऊ वर्षं माझ्याबरोबर आहे, गर्दी असली की तीही रक्त घेते, हात चांगला आहे तिचा. मान वर करून तिनं माझ्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. उठायच्या बेतात होती. मी तिच्याकडे पाठ केली. बोटाला न विचारता, नुसत्या अकरा वर्षांच्या आठवणीवर अंदाज बांधून तिसऱ्यांदा सुई घातली. रक्त आलं. नळी भरताना मला घाम फुटला होता. नंतर कापूस दाबून धरायचा असतो, आणि रक्त पातळ असलेल्या माणसाला तर चांगली पाच-सात मिनिटं. मी धरला. पण जोरात धरलाय की नुसताच ठेवलाय, ते मला कळत नव्हतं. बाई म्हणाल्या, "झालं ना? किती तो वेळ." मी हात सोडला. जाताना त्यांनी बाही खाली केली आणि कोपरावर हलकेच हात ठेवून चालत गेल्या. काउंटरवालीनं पेन उचललं आणि पुढचं नाव पुकारलं. तिसऱ्या टोचणीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, आणि मला वाटत राहिलं की हिनं दोन शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला दिवसभर सगळे माझ्या हाताकडेच बघताहेत असं वाटत होतं. अकराच्या सुमाराला मागच्या मोरीत जाऊन हातमोजे काढले. तळव्यांची साल निघते आहे, गुलाबी कोवळी कातडी आलीय, तिला गरम पाणीसुद्धा झोंबतं. झोंबणं कळतं, हीच तर गंमत आहे. आग कळते, ठणका कळतो. चांगलं म्हणून जे बोटांना कळायचं तेवढं गेलं. मी डोळे मिटून अंगठ्यानं पहिलं बोट चोळलं. अंगठ्यालाही काही लागेना. दोन परकी माणसं रस्त्यात एकमेकांना घासून जावीत तशी ती बोटं. आणि याला सहा-सात आठवडे झाले होते, आज पहिल्यांदा नव्हतं. फक्त आजवर हातावरच्या सोप्या, दोरीसारख्या शिरांवर माझं भागत होतं. अवघड गिऱ्हाईक आलं की मी संडासात जायचो. तसंही जावं लागतंच मला, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मी बाहेर येईपर्यंत काउंटरवालीनं रक्त घेतलेलं असायचं. तिनं हे किती दिवस ओळखलं होतं कोण जाणे.

दुसऱ्याचं रक्त बघण्यात आयुष्य गेलं आणि स्वतःचं रक्त जाताना मी मूळव्याध म्हणून वर्षभर मलम लावत बसलो. दिव्याखाली अंधार तो हाच. शेवटी जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा एका दुपारी स्वतःच स्वतःच्या हातातून रक्त काढलं. हिमोग्लोबिन साडेसात. मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावलं. साडेसातच. आमचे साहेब, लॅबचे मालक, चष्मा कपाळावर चढवून त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे कुणाचं आहे?" मी म्हणालो, "माझं." पुढचं सगळं भराभर झालं. नळी घालून तपासणी, मोठ्या आतड्यातली गाठ, ऑपरेशन, वीतभर आतडं कापलं, शेजारच्या दोन गाठींमध्ये रोग पोचलेला. मग किमो. दर तीन आठवड्यांनी एका गुरुवारी दवाखान्यात सलाइनमधून औषध आणि पुढं चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर गोळ्या, मग आठवडाभर सुट्टी. असं आठ वेळा, सोसलं तर. सोसलं तर हे शब्द डॉक्टरीणबाईंचे. मी ते ऐकले आणि मनात म्हटलं, न सोसायला काय झालंय, एकतीस वर्षं लोकांना सुया टोचल्यात, आता माझी पाळी.

पहिल्या सलाइनच्या संध्याकाळी घरी येऊन फ्रिजचं हँडल धरलं तर विजेचा झटका बसल्यासारखा हात मागे आला. बायको धावत आली, तिला वाटलं वायर उघडी पडलीय. हे औषध थंडीशी वैर धरतं. साधं पाणी प्यायलो तर घशात काचा गेल्यासारखं झालं आणि श्वास अडकतोय की काय असं वाटून मी खुर्ची घट्ट धरली. नर्सनं आधी सांगितलं होतं, घाबरू नका, घसा बंद होत नाही, नुसतं वाटतं, कोमट प्या म्हणून. पण वाटणं आणि होणं यांतला फरक त्या घटकेला कुणाला कळतो? दुसऱ्या दिवशी बायकोनं माझा जुना लोकरीचा पायमोजा फ्रिजच्या हँडलला चढवला आणि दोऱ्यानं बांधला. नळाला गुंडाळायला फडकं केलं. पाण्याचा थर्मास माझ्या नावचा वेगळा. ती एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायचं काम करते, कुठलंही काम हातात आलं की आधी रकाने आखते. तिनं माझ्या गोळ्यांचा तक्ता भिंतीला लावला. तोंड आलं की मीठ-सोड्याच्या चुळा दिवसातून चार वेळा, संडास तीनपेक्षा जास्त झाल्या की ती पांढरी गोळी आणि साखर-मिठाचं पाणी, ताप शंभरच्या वर गेला की कुणाला न विचारता दवाखाना. रात्री तळहात-तळपायांना क्रीम चोपडून वर सुती मोजे. आरशात मी हातापायांत मोजे घातलेला दिसलो की ती म्हणायची, "झालं, निघाले महाराज झोपेच्या स्वारीवर." सगळ्या अन्नाला लोखंडाची चव. चहालासुद्धा. मी चवीवरून रडलो नाही, मळमळीवरून रडलो नाही. एकदा फक्त भर रस्त्यात पँट खराब झाली तेव्हा रडलो, तेही घरी आल्यावर.

दवाखान्यानं एक वही दिलीय. त्रासाची वही. रोज रात्री भरायची. मळमळ, संडास, तोंड, कातडी, थकवा आणि शेवटचा रकाना मुंग्या-बधिरपणा. त्रास नाही तर शून्य, थोडा असला तर एक, बटण लावणं, सही करणं असली बारीक कामं जड जायला लागली तर दोन, रोजची कामंच अडली तर तीन. पहिल्या पाच रकान्यांत मी अगदी हरिश्चंद्र. संडास सहा वेळा तर सहा. आणि शेवटच्या रकान्यात तिसऱ्या सलाइनपासून रोज शून्य. पेन बोटांत नीट बसत नसताना, डोळ्यांनी पेनचं टोक सांभाळत, मी ते शून्य गोल काढत होतो. उभ्या आयुष्यात ज्या एका गोष्टीवरून मी लोकांना झापलं ती हीच. उपाशीपोटी आलात ना, असं विचारलं की माणसं खुशाल हो म्हणतात, आणि मग साखरेचा आकडा बघून मी म्हणायचो, चहा-बिस्किटानं उपास मोडत नाही वाटतं तुमच्याकडे. अहो, मला फसवून काय मिळणार, औषध तुम्हालाच चुकीचं मिळणार. किती तोऱ्यात म्हणायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

पण मी ते शून्य उगाच काढत नव्हतो. त्याला कारण होतं, आणि ते कारण मला माझ्या धंद्यानं दिलं होतं. दोन-अडीच वर्षांपूर्वी एक बसड्रायव्हर आमच्याकडे यायचा. माझाच आजार, हेच औषध. दर सलाइनच्या आधी पांढऱ्या पेशी बघायला रक्त द्यायचा. गप्पिष्ट माणूस, टोचताना मीच त्याला गप्प राहायला सांगायचो. एकदा म्हणाला, पायाला ब्रेक कळेना झालाय, डॉक्टरांना सांगून टाकलं, त्यांनी सलाइनचं औषधच बंद केलं, सुटलो बुवा. त्यानंतर तीन महिन्यांनी आला, पुन्हा तीन महिन्यांनी आला आणि मग त्याचं नाव रजिस्टरात यायचं बंद झालं. आमच्या धंद्यात माणूस गेल्याचं कुणी कळवायला येत नाही. नाव यायचं थांबतं, बस. एका मंगळवारी किंवा शनिवारी लक्षात येतं की अरे, ते अमुक बरेच दिवसांत आले नाहीत. मग काउंटरवाली माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघतो, आणि आम्ही चहा घेतो. औषध कमी केलं आणि नाव बंद झालं, असं गणित माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून झाकली मूठ. हाताचं काय, हात गेला तर गेला, निदान मूठ बाळगणारा तरी राहायला हवा. माझी मुलगी परगावी शिकते आहे, तिची दोन वर्षं राहिलीत. बायकोचा श्वास झोपेत किती वेळ थांबून पुन्हा सुरू होतो हे मी हल्ली मोजत पडलेला असतो. मला मरायचं नव्हतं, दुसरं काही नाही. आणि तरी शिरा चाचपणारं हे बोट गेलं की मी म्हणून जो कोणी आहे त्यातलं किती उरेल, असंही वाटायचं. ते सांगायला शब्द नव्हते आणि ऐकायला कुणाला वेळ आहे असं मला वाटत नव्हतं.

शर्टाची बटणं लावता येतात का, हे डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या. मी हो म्हणायचो, आणि तसं ते पूर्ण खोटंही नव्हतं, कारण मी बटणं लावतच नव्हतो. शर्ट काढताना वरची दोन बटणं कशीबशी सोडायचो आणि डोक्यातून ओढून काढायचो, घालतानाही तसाच. त्यामुळे शर्ट उलटे निघायचे. धुवायला टाकले की बटणं पुन्हा सोडली जाणार आणि आपण अडकणार ही मला धास्ती होती. पण कपाटातून शर्ट काढला की तो सुलटा असायचा, इस्त्री केलेला, आणि वरची दोन सोडून खालची सगळी बटणं लावलेली. पहिल्यांदा मला वाटलं, चुकून झालं असेल. मग दुसराही तसाच, तिसराही तसाच. स्वयंपाकघरात ती कांदा चिरत होती, मी दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "काय हवंय?" मी म्हणालो, "काही नाही." चोवीस वर्षांच्या संसारात आम्ही बोलायच्या गोष्टींवरून इतकं भांडलो, आणि न बोलायच्या गोष्टी मात्र अशा बिनबोभाट वाटून घेतल्या.

पुढच्या मंगळवारी गणिताच्या बाई पुन्हा आल्या. दोन दिवसांनी, गुरुवारी, माझं सहावं सलाइन होतं. बाईंनी लांब बाह्यांचं काहीतरी घातलं होतं आणि उजवी बाही वर करायच्या ऐवजी त्यांनी डावी वर केली. मी म्हणालो, "उजवा दाखवा." त्या म्हणाल्या, "डावा काय वाईट आहे?" मी पुन्हा म्हणालो तेव्हा दाखवला. कोपरापासून मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत हात काळानिळा झाला होता, कडेला पिवळट पडायला लागला होता. बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत टोचायच्या खुर्चीत बसून त्या पहिल्यांदा खिडकीकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मुलाला सांगितलं, कपाटावर आपटला. नाहीतर तो इथं येऊन तमाशा करेल. त्याचा स्वभाव तुला माहीत नाही." "तुझं काय बिनसलंय?" त्यांनी विचारलं, वर्गात विचारावं तसं, हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं. मी म्हणालो, "हाताला जरा कळत नाहीये, बाई." "किती दिवस?" मी म्हणालो, "झाले बरेच." त्या म्हणाल्या, "मग मागच्या मंगळवारी सांगायचंस की. मी काय तुला नापास केलं असतं?" आणि डावा हात तसाच पुढे धरून ठेवला, माझ्यापुढेच. माझी मान खाली गेली. मी काउंटरवालीला हाक मारली. ती आली, पहिल्या टोचणीत रक्त काढलं, आणि कापूस मी धरतो म्हटलं तर म्हणाली, "राहू द्या दादा, मी धरते." वाईट बोलली नाही ती. पण दाराआड जाऊन मी भिंतीला टेकलो आणि किती वेळ तसाच उभा राहिलो.

त्या दिवशी परत जाताना बसमध्ये पोटात कळ आली. घर ते लॅब तेरा स्टॉप आहेत आणि त्यांत कुठं कुठं संडास आहे, कुठल्याची कडी लागत नाही, कुठल्याचा रखवालदार चहाला गेलेला असतो, हे मला तोंडपाठ आहे. सातव्या स्टॉपला बस डेपो. उतरलो, वेळेत पोचलो, देवाची कृपा. बाहेर येऊन चौकशीच्या खिडकीजवळच्या बाकावर जरा टेकलो तर आतून कुणीतरी म्हणालं, "सुईवाले ना तुम्ही?" खिडकीत तो बसड्रायव्हर बसला होता. वजन वाढलेलं, दाढी पिकलेली, पुढ्यात वेळापत्रकाचा गठ्ठा. मी बघतच राहिलो. तो म्हणाला, "असे काय बघताय, भूत बघितल्यासारखे?" मी म्हणालो, "तुमचं नाव बंद झालं होतं आमच्याकडे." त्याला दोन क्षण कळलं नाही, मग तो खिडकीच्या लाकडावर हात आपटून हसायला लागला. "म्हणजे मला पोचवूनच मोकळे झालात की काय? अहो, घर बदललं. लेकीच्या बिल्डिंगखालीच लॅब आहे, तिथं देतो रक्त. तुमच्यासारखा हलका हात नाही त्यांचा, पण चालतंय." मी विचारलं, "आणि तब्येत?" तो म्हणाला, "ठणठणीत. पायांना अजून समजत नाही नीट, म्हणून गाडी सुटली, इथं बसवलंय. घरी चप्पल सुटून मागे राहिली तरी मी पुढे चालत असतो, नातवंडं हसतात." मग तो हसायचा थांबला. माझ्या हातांकडे, निघालेल्या सालीकडे बघत म्हणाला, "कितवं?" मी म्हणालो, "पाच झाली." "मुंग्या?" सवयीनं तोंडातून गेलं, "नाहीत." मी चहा पिऊन आलेल्या माणसाकडे बघतो तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "हात द्या इकडे, तळवा वर. डोळे मिटा. आता तिकिटं ठेवतोय तुमच्या हातावर, किती आहेत सांगा." मी डोळे मिटले. सगळा जीव तळहातात आणला. खूप विचार करून म्हणालो, "दोन." तो काही बोलेना म्हणून डोळे उघडले. तळहात रिकामा होता. तिकिटं त्याच्याच हातात होती, त्यानं अजून ठेवलीच नव्हती.

घरी जाईपर्यंतचे सहा स्टॉप मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. एकतीस वर्षं जे रजिस्टर मी माणसांच्या जगण्या-मरण्याचं समजत होतो ते नुसतं आमच्या दारातून कोण आत आलं याचं होतं. किती जण बरे होऊन, कंटाळून, घर बदलून, दुसऱ्या लॅबच्या पायऱ्या चढत असतील, आणि मी इकडे त्यांच्या नावानं चहा पीत होतो. आणि त्या चहाच्या हिशेबावर मी माझी दहा बोटं पणाला लावली होती. हसू यायला हवं होतं. मला इतका राग आला स्वतःचा की शेजारच्या बाईनं सरकून बसायला सांगितलं तर तिच्यावरच खेकसलो.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंच्या समोर बायको माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर फाइल घेऊन. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, पेशींचे आकडे ठीक आहेत म्हणाल्या, संडासचं विचारलं, आणि मग नेहमीसारखं, "बटणं लावता येतात ना?" मी म्हणालो, "नाही." त्या लिहिता लिहिता थांबल्या. मी म्हणालो, "तिसऱ्या सलाइननंतरच जायला लागलं होतं. आता बोटांना काहीच कळत नाही. वहीतलं शेवटचं सगळं खोटं आहे." त्यांनी वही पुन्हा उघडली. एकेक पान उलटत तो शून्यांचा रकाना वरून खाली बघितला. चिडतील असं वाटलं होतं, चिडल्या नाहीत. "का?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "तुम्ही औषध कमी केलं असतं." "हो, केलं असतं," त्या म्हणाल्या. "चौथ्यानंतर बंद केलं असतं. तुमच्याइतपत पसरलेल्या आजाराला चार जवळपास पुरतात. पुढच्या चारांनी पडला तर फार थोडा फरक पडतो. वहीत शून्य होतं, म्हणून मी म्हटलं, सोसतंय तर घेऊ." म्हणजे पाचवं मी जीव वाचवायला घेतलं नव्हतंच, नुसत्या भीतीपोटी घेतलं होतं, आणि त्यानं जे न्यायचं होतं ते नेलं होतं. मी विचारलं, "आता बंद केलं की परत येईल ना कळायला?" त्यांनी पेन ठेवलं. म्हणाल्या, "खरं सांगते. हे औषध थांबवलं तरी पुढचे दोन-तीन महिने बधिरपणा वाढू शकतो. मग बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं, वर्ष लागतं, दीड वर्ष लागतं. काहींचं थोडं राहून जातं. तुमचं काय होईल मी आत्ता सांगू शकत नाही. आज सलाइन नको. गोळ्या चालू ठेवू. गरम भांड्यांपासून जपा, अनवाणी चालू नका, दुखायला लागलं तर औषध आहे, सांगा." मी म्हणालो, "सुई?" त्यांना आधी कळलं नाही. बायको म्हणाली, "ते रक्त काढतात, लॅबमध्ये." डॉक्टरीणबाई माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, "ते मला माहीत नव्हतं. कधी सांगितलं नाहीत तुम्ही." आणि मग, "नाही. या हातांनी नको." इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मला भांडताही येईना. बायकोनं फाइलमधला तक्ता काढून तिथल्या तिथं सलाइनच्या पुढच्या तिन्ही तारखांवर रेघ मारली.

परत येताना आम्हाला बसायला जागा मिळाली, ती खिडकीशी, मी तिच्या शेजारी. दुपारची वेळ, बस अर्धी रिकामी. मी सांगत होतो. साहेबांना उद्या फोन करीन, रिपोर्ट टाइप करायचं काम देतील का बघीन, पण टाइप करायलाही बोटं लागतातच, मग काउंटरवर बसीन, काउंटरवाली रक्त घेईल, तिचा हात चांगला आहे, माझ्यापेक्षाही चांगला होईल. बोलत बोलत डेपो मागे टाकला. मी तिला बसड्रायव्हरची गोष्ट सांगितली, गणिताच्या बाईंचा हात सांगितला, सगळं. ती ऐकत होती, बाहेर बघत होती. मध्येच मला वाटलं, हिला राग आलाय. एवढे दिवस हिच्याशी खोटं वागलो, हिनं बटणं लावून दिली आणि मी त्यावरही गप्प राहिलो. एवढं सगळं मी भडाभडा ओकतोय आणि ही एका शब्दानं बोलत नाही, साधा हातसुद्धा लावत नाही. मी म्हणालो, "काहीतरी बोल. शिव्या तरी दे." ती म्हणाली, "काय बोलू?" आणि खाली बघितलं. तिच्या नजरेमागून मी खाली बघितलं. माझा डावा हात तिच्या मांडीवर होता आणि तिनं तो दोन्ही हातांत घट्ट धरला होता, बोटांत बोटं गुंतवून, इतका घट्ट की तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी विचारलं, "केव्हापासून?" ती म्हणाली, "दवाखान्यापासून." मी तिच्या हातावर दाब दिला. किती दिला ते मला कळत नव्हतं, म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "जरा हळू." मी जरा सैल केला. "आता?" मी विचारलं. "आता ठीक आहे," ती म्हणाली, आणि आमचा स्टॉप येईपर्यंत मी तेवढाच धरून ठेवला, हातावरची नजर न काढता.